न्यानने प्यायलेल्या चोथ्याबाबत, आणि माझ्या पश्चात उरणाऱ्या मालमत्तेबाबत

मी, नोंग लिझेन, दिवंगत लू तिंगच्यू यांची पत्नी, वय वर्षे बहात्तर, राहणार पिंगश्यांग, स्टेशनमागची जुनी गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. चष्मा लागतो, गुडघे धड नाहीत, हिवाळ्यात खोकला येतो. पण नाक शाबूत आहे, आणि वनौषधीच्या धंद्यात माणूस शुद्धीवर असल्याचा याहून मोठा पुरावा मागत नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही किंवा गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. मुलगा मात्र लिहू नको म्हणून फळांची टोपली घेऊन आला होता. फळे गल्लीत वाटून टाकली.

पती हयात असताना आम्ही दोघांनी मिळून केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात मुलाला ‘आमच्या कष्टांचा योग्य वारस’ असे म्हटले होते. वाक्य पतीचे होते, पण खाली सही माझीही आहे, म्हणून ते शब्द परत घेण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

कलम पहिले. घर.

जुन्या गल्लीतील दुमजली घर, खालच्या दुकानाच्या गाळ्यासह, माझी सून मेंग यानहुआ हिला एकटीला मिळावे. मुलगा लू गुआंगशेंग याचा त्यात वाटा नाही आणि राहण्याचा हक्कही नाही. यानहुआने आपण होऊन त्याला राहू दिले तर तो तिचा चांगुलपणा. माझ्या मते तो मूर्खपणा होईल, पण तेव्हा मी बोलायला नसेन.

यानहुआला नवऱ्याने आपल्या गोदामात हिशेबाला बसवले होते. ती थोड्याच दिवसांत उठून आली आणि गल्लीच्या तोंडाशी तांदळाच्या शेवयांची गाडी लावली. नवरा म्हणाला, एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याची बायको रस्त्यावर उभी, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक खातात आणि जातात, काही म्हणत नाहीत. त्या दिवसापासून मी तिला माझ्या माणसांत धरले.

अट एकच. गाळ्यात शेवया विकाव्यात, शिंप्याला भाड्याने द्यावा, न्हाव्याला द्यावा, वाटल्यास कोंबड्या पाळाव्यात. वाळवलेले मूळ, साल, वेल किंवा बी यांतले काहीही तिथे कोणी विकू नये.

कलम दुसरे. दुकान, त्याचे नाव आणि परवाना.

‘दोन डोंगर वनौषधी भांडार’ हे दुकान आता अस्तित्वात नाही. परवाना माझ्या नावावर होता, तो मी या ऑगस्टअखेरीस स्वतः कचेरीत जाऊन परत केला. मुलाला हे नाव मिळणार नाही, विकतही मिळणार नाही. याचे कारण मृत्युपत्रात लिहायची सक्ती नसते असे कचेरीतल्या बाईंनी सांगितले. तरीही लिहिते, म्हणजे माझ्यामागे कोणी म्हातारीला चळ लागला होता असे म्हणायला नको.

सरहद्दीपलीकडच्या देशाशी एकोणऐंशी साली झालेल्या लढाईनंतर आमच्या आणि पलीकडच्या डोंगरांत सुरुंग राहून गेले होते आणि सरहद्दीवरची खिंड बंद होती. लोक मात्र बंद नव्हते. माझी आई पलीकडच्याच गावची. बोली एक, आत्या-मावशीला हाक मारायची रीत एक, देव एक, फक्त राज्य निराळे. त्या काळात होआंग थी न्यान ही पलीकडची बाई पाठीवर पोते घेऊन डोंगर ओलांडून यायची. पोत्यात रानवेलची, चक्रीफूल, कधी दालचिनीची साल. परत जाताना आमच्याकडून थर्मास, चिनी मातीचे वाडगे, कापड घेऊन जायची. तिच्यापुढे तिची म्हैस चाले आणि म्हशीने जिथे पाय ठेवला तिथेच ही पाय ठेवी.

मी एकदा विचारले, म्हैस उडाली तर काय करशील?

“त्या दिवशी परत जायचं,” ती म्हणाली, “दुसरं काय.”

पावसात भिजलेली वेलची ती वेगळ्या पोत्यात आणी आणि पोते उघडण्याआधीच सांगे, ही नको घेऊस ताई, हिला आतून बुरशी आहे. मग कशाला एवढी चढण वाहून आणलीस, असे मी विचारी. तर म्हणे, न आणता सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं दुसऱ्याला विकली. अशा बाईकडून आम्ही माल घेतला आणि त्या मालावर दुकान उभे राहिले. एक डोंगर तिचा, एक आमचा, म्हणून दुकानाचे नाव तसे ठेवले. पतीला दुकानावर ‘लू’ आडनाव हवे होते. मी ऐकले नाही, म्हणून पाटी लागली त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांचा तो रुसवा मी अजून विसरलेले नाही, पण ते माणूस म्हणून स्वच्छ होते, हेही इथेच नोंदवते.

पुढे खिंड उघडली. म्हशीच्या वाटेऐवजी ट्रक आले. लाओस, कंबोडियापर्यंतचा माल आमच्या गावातून आत जाऊ लागला. पतीच्या निधनानंतर धंदा गुआंगशेंगच्या हातात गेला. मी दुकानात बसत असे, तो गावाबाहेर गोदाम चालवी. गोदामात मी जात नव्हते, कारण गोदाम मला कधी दाखवायचे ठरलेच की त्या दिवशी काहीतरी अडचण निघे.

एके दिवशी त्याच्या शर्टाला गंधकाचा वास आला. आले-सुंठ पांढरी दिसावी म्हणून गंधकाची धुरी देणारे लोक मी पाहिलेले आहेत आणि त्यांच्या हातचा चहाही कधी घेतलेला नाही. मी रिक्षा करून गोदामावर गेले.

मागच्या अंगणात सिमेंटवर तपकिरी चिखलासारखे काहीतरी पसरले होते. बायका नाकाला फडके बांधून दाताळ्यांनी ते उलटेपालटे करत होत्या. एक कुत्रे त्यातच झोपले होते. औषधी सरबते आणि गोळ्या करणारे कारखाने मोठमोठ्या कढयांत मुळे उकळून सत्त्व काढून घेतात, त्यानंतर उरलेला तो चोथा होता. तो पुरायचा किंवा जाळायचा असतो. इथे तो वाळवत होते. वाळला की पिवळ्या रंगाच्या पिंपात बुडवायचा, पुन्हा वाळवायचा, गंधकाची धुरी द्यायची म्हणजे बुरशी दिसत नाही, आणि गोणी भरताना वरच्या थरात वासापुरते खरे काप पसरायचे. हे मला तिथल्या बाईने सांगितले. तिला वाटले, मी कामाला आले आहे. गोण्यांवर ‘दोन डोंगर’ छापलेले होते.

तेवढ्यात गुआंगशेंग आला. मी हात लावून पाहिलेला काप मऊ, ओला आणि कोणीतरी चघळून टाकलेल्या उसासारखा होता. मी तो त्याच्यापुढे धरला.

“आई, फेकायचंच असतं ना ते,” तो म्हणाला. “कारखाना वर उचलून न्यायचे पैसे देतो.”

“आणि प्यायचं कोणी?”

“आपल्याकडे नाही विकत मी. शपथ. हे सगळं पलीकडे जातं.”

हे त्याने मला धीर द्यावा अशा आवाजात सांगितले. चांगला माल पलीकडून इकडे आणायचा आणि इकडची घाण त्याच ट्रकांतून पलीकडे पाठवायची, म्हणजे ट्रक रिकामा जात नाही, हेही समजावले. मी म्हटले, तुझी आजी पलीकडे जन्मली. तो म्हणाला, आजी मेली, आई.

मी तिथेच भिंतीशी ओकले. म्हातारपणी उन्हात फिरू नये, असे तो ड्रायव्हरला म्हणाला आणि मला घरी सोडायला लावले.

तक्रार मी केली. तपासणीची माणसे पोहोचली तोवर अंगण धुऊन पुसून लख्ख होते आणि आत उत्तम दालचिनी रचलेली होती. त्यानंतरच्या छिंगमिंगला, पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायच्या दिवशी, त्याने वडिलांच्या थडग्यापुढे उदबत्त्या लावून मला वचन दिले की ते काम बंद. कपाळ जमिनीला टेकवून दिले. मी विश्वास ठेवला. थडग्यापुढे माणूस खोटे बोलेल, हे तेव्हा माझ्या कल्पनेत नव्हते.

कलम तिसरे. न्यानविषयी.

हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्याशिवाय बाकीची कलमे उभी राहत नाहीत.

यंदा चांद्र नववर्षाचा सण झाल्यावर निरोप आला की न्यानचे पाय सुजतात, दम लागतो. सरहद्दीच्या रहिवाशांचा पास काढून मी गेले. तिची मुलगी लियेन चुलीवर काढा उकळत होती. मी झाकण उचलले. औषधाला पिकल्या पानांचा, मातीचा, कडू सालीचा असा वास असतो. या भांड्यातून ओल्या गोणपाटाचा वास आला. चमच्याने एक काप काढला, तर पिवळा रंग पाण्यात उतरलेला आणि काप ओल्या चिंधीसारखा. मी लियेनला विचारले, हे कुठून आणतेस.

“बाजारातून. मावशी, तुमच्याच दुकानाचा माल आहे तो. आईने दुसरीकडचा घेऊच दिला नाही.”

आतून न्यानचा आवाज आला. “झाकण ठेव गं ताई, वाफ जाते.”

मी तिच्या बिछान्यावर जाऊन बसले. लियेन पाणी आणायला गेली तेव्हा मी विचारले, तुला कळलं नाही? तुला?

“पहिल्या घोटालाच कळलं.”

“मग प्यालीस कशी?”

“दुकान बदललं असतं तर पोरीने विचारलं असतं, का बदललं. मग तुझ्या पोराचं नाव गावभर झालं असतं.” ती माझा हात थोपटत राहिली. “आणि गरम पाणी तर होतं ना ते.”

एवढे बोलून ती हसली. त्या हसण्याने तिला ढास लागली आणि मी तिला उठवून धरले. पायांवर बोट दाबले की खळगा तसाच राहत होता.

त्याच दिवशी लियेनने आणि मी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईने विचारले, इतके महिने काय घेत होत्या? लियेन म्हणाली, औषध. हृदय थकले होते. वेळेवर आणले असते तर गोळ्यांवर बरीच वर्षे निघाली असती, असे त्या म्हणाल्या. मध्यशरद सणाचे चंद्रवडे बाजारात यायच्या आधी न्यान गेली.

अंत्यविधीला गुआंगशेंग आला नाही. त्याने कागदी फुलांचे, माणसापेक्षा उंच चक्र पाठवले. त्यावर ‘दोन डोंगर वनौषधी भांडार, शोकाकुल’ असे लिहिले होते. सोबत जिनसेंगची पेटी. तोवर मी लियेनला सगळे सांगितले होते. तिने ते चक्र बघितले आणि आत निघून गेली. मी ते उचलून घरामागच्या तळ्यात फेकले. बदके लांब सरकली. पेटी कुंपणापलीकडे टाकली.

घरी परतले तर मुलाने दारातच विचारले, “आई, चक्र वेळेवर पोचलं ना?”

मला त्याचा राग यावा असे वाटत होते. राग आला असता तर दोन शब्द ऐकवून मन मोकळे झाले असते. पण वाटीत माशी दिसल्यावर पोटातून जे वर येते, तेच वर आले आणि अजून खाली बसलेले नाही. त्याने सोललेले फळ मी खात नाही. त्याने टेकलेली खुर्ची पुसून घेते. तो मला आई म्हणतो तेव्हा मी दुसरीकडे बघते.

कलम चौथे. माझा फोटो.

न्यानला जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा मुलगा पाकिटांचे नमुने घेऊन आला. त्यावर माझा फोटो होता, चाळणी हातात घेतलेला, आणि खाली ‘नोंग आजींच्या नाकाची हमी’. म्हणाला, आजकाल लोकांना चेहरा लागतो, आणि तुझ्यासारखा चेहरा पैसे देऊन मिळत नाही. नमुने मी चुलीत घातले. दुसऱ्याच दिवशी परवाना परत केला.

माझा चेहरा, नाव, नाक, सही किंवा हाताचा ठसा कोणत्याही पाकिटावर, गोणीवर किंवा पाटीवर कोणी वापरू नये. वापरल्यास यानहुआने कोर्टात जावे, त्याचा खर्च माझ्या ठेवीतून करावा. दुकानाची फणसाच्या लाकडाची पाटी मी सुताराकडून रंधून घेतली. अक्षरे भुशात गेली. फळी जाड आणि चांगली आहे, ती यानहुआच्या गाडीवर मांस चिरायला बसवली आहे.

कलम पाचवे. ठेवी.

बँकेतील सगळी ठेव लियेनला द्यायची असे मी ठरवले होते आणि तसे सांगायला पुन्हा गेले. तिने बदकाचे मांस शिजवले, मला आग्रहाने वाढले, आणि मी बोलून संपल्यावर म्हणाली, “मावशी, तुम्ही या, राहा, जेवा. पण त्या घरचं काही आणू नका.”

मी तिला समजावले नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटले असते. म्हणून कोर्टखर्चासाठी लागेल तेवढे बाजूला ठेवून बाकीची ठेव न्यानच्या गावच्या आरोग्य केंद्राला द्यावी, आजाऱ्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायच्या गाडीभाड्यासाठी. देणगीदाराचे नाव लावू नये. लियेनला कळू देऊ नये.

कलम सहावे. किरकोळ वस्तू.

मुळे कापायची सुरी आणि बांबूच्या चाळण्या यानहुआला. सुरीने कोथिंबीर फार सुरेख चिरली जाते, आणि यापुढे तिने तेवढेच करावे.

नणंद लू फेंगयिंग हिने तिच्या मुलीच्या लग्नात घालायला म्हणून नेलेली माझी जेडची बांगडी तिच्याकडेच राहू द्यावी. मध्यंतरी ती जाड झाली असून बांगडी मनगटातून निघत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे आणि मला त्यात पुरेसे समाधान आहे.

पतीचा पितळी तराजू मुलाला द्यावा, आईने काहीच दिले नाही असे त्याने सांगत फिरू नये म्हणून. त्याच्या गोदामात ट्रक तोलायचा काटा आहे. हा त्याच्या काही उपयोगाचा नाही.

कलम सातवे. अंत्यविधी.

माझी तसबीर पुढे घेऊन चालायचा मान रीतीने मुलाचा असतो. तो यानहुआला द्यावा. मुलाने यायचे असेल तर इतरांच्या मागून चालावे. आजारपणात मला कोणताही काढा पाजू नये. रुग्णालयात न्यावे, आणि तिथून परत आणायची वेळ आली तर साधे पाणी द्यावे. फुलांचे चक्र कोणाचेही स्वीकारू नये.

साक्षीदारांविषयी.

साक्षीला मी दोन माणसे बोलावली. पहिल्या बाई लियांग शुवेन, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, समोरच्या घरात राहतात. त्यांनी सगळे वाचले, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या, डोळे पुसले आणि सही केली.

दुसरे वैद्य तान झिहाव, गल्लीच्या टोकाला त्यांचा दवाखाना आहे. पतीच्या शेवटच्या आजारात त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. दर हिवाळ्यात माझी नाडी बघतात, खोकल्याला पुड्या देतात, आणि गल्लीतली निम्मी माणसे त्यांच्याकडेच जातात. त्यांच्याइतका सभ्य माणूस मला ठाऊक नव्हता, म्हणून त्यांचे नाव मी आधीच लिहून ठेवले होते. त्यांनी पानामागून पान सावकाश वाचले. गोदामाच्या भागाशी थांबले, पुन्हा वाचले. मग पेन खाली ठेवले.

“लिझेनवहिनी, यावर माझी सही नको.”

मी विचारले, गुआंगशेंगला भिता का.

“भीत नाही. माल मी त्याच्याकडूनच घेतो. आता सगळेच घेतात.” ते चहाच्या पेल्याकडे बघत होते. मग घाईने म्हणाले, “तुम्हाला त्यातला कधी दिला नाही हां. तुमचा डबा वेगळा आहे.”

“आणि गल्लीतल्या बाकीच्यांचा?”

त्यांनी पेनाला टोपण लावले आणि चहा संपवू का असे विचारले. मी म्हटले, संपवा. त्यांनी संपवला, वाकून नमस्कार केला आणि गेले. त्यांचा पेला मी धुवायला घेतला नाही. तसाच चिमटीने उचलून कचऱ्याच्या घमेल्यात टाकला.

मग खाली जाऊन सायकली दुरुस्त करणारे हुआंग रुईफेंग यांना वर बोलावले. त्यांचे हात तेलाने काळे होते, म्हणून त्यांनी आधी राखेने हात घासले. त्यांना वाचायला वेळ लागतो, म्हणून लियांगबाईंनी मोठ्याने वाचून दाखवले. त्यांच्या बायकोला संधिवात आहे आणि ती वैद्य तान यांच्या पुड्या घेते. सही करून ते उठले आणि जिन्याने न थांबता खाली उतरले. खाली त्यांच्या सायकलदुकानाचे लोखंडी दार ओढून बंद केल्याचा आवाज आला. त्या वेळी भर दुपार होती.

साक्षीदारांच्या जागी एक नाव खोडलेले दिसेल. ते मी खोडले आहे, शुद्धीवर असताना. त्यावर कोणी शंका घेऊ नये.

लिहिणार: नोंग लिझेन (सही)

साक्षीदार: लियांग शुवेन (सही)
साक्षीदार: ~~तान झिहाव~~ हुआंग रुईफेंग (सही)

ठिकाण: पिंगश्यांग, जुनी गल्ली, वरचा मजला
दिनांक: अकरा नोव्हेंबर, सन दोन हजार अठरा